'राउंड मिडनाइट' दाखवायचाय? डिस्क सोपी आहे, हॉलचं ऑफिस सांभाळा

अमेरिकेहून आलेली 'राउंड मिडनाइट' या जॅझवरच्या चित्रपटाची ब्लू-रे डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नाही आणि हॉलवाले रोज नवा कागद मागतात, हे तुमचं रडगाणं वाचलं. आमच्या फिल्म क्लबानेही याच चित्रपटापायी हेच सगळं भोगलंय.

डिस्कचं फार मनावर घेऊ नका. ब्लू-रेसाठी जगाचे भाग (रीजन) पाडलेत, एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर अडू शकते. ती रीजन 'ए'ची, भारत 'सी'त. सगळे रीजन चालणारा प्लेअर कुणाकडून तरी संध्याकाळपुरता मागून आणा.

खरा ताप ऑफिसचा. आमच्या अर्जात 'जॅझ संगीतकाराच्या आयुष्यावरील चित्रपट' असं होतं. तिथल्या बाबूंनी त्यातलं 'संगीत' तेवढं वाचलं, वाद्यवृंदाचं भाडं लावलं, वर नाटकाला लागतं तसं प्रयोगाचं सेन्सॉर सर्टिफिकेट मागितलं. वाजवणारा पडद्यावर आहे, स्टेजवर कुणी चढणार नाही, म्हटलं तर "मग वादक कुठले?" साहेब रजेवर, साहेब मीटिंगला, आणि शेवटी आमची तारीख कुठल्याशा सत्काराला दिल्याचं तोंडी कळलं. अनामत सोडवताना तर चपला झिजल्या. तेव्हा अर्जात 'सभासदांसाठी चित्रपट प्रदर्शन' एवढंच लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी 'होऊन जाईल'ला काडीची किंमत नाही.

मी वकील नाही, पण डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर खेळाचा हक्क मिळत नाही. चित्रपट वॉर्नर ब्रदर्सने आणलेला, आज हक्क कुणाकडे आहेत ते बघून लेखी विचारा.

आता माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या. नायक दारुडा आहे म्हणून सुरुवातीला दारूच्या व्यसनावर भाषण ठेवू नका. दिग्दर्शक बेर्त्राँ ताव्हेर्निएचा हा १९८६चा चित्रपट लेस्टर यंग आणि बड पॉवेल या जॅझवादकांच्या आयुष्यांवरून बेतलाय, हे दोन वाक्यांत सांगा आणि दिवे घालवा. नायक डेक्स्टर गॉर्डन मुळात टेनर सॅक्सोफोनवाला, स्वतः कित्येक वर्षं युरोपात राहिलेला. त्याचं ते घोगरं, थांबत थांबत बोलणं नुसत्या नटाला जमलं नसतं. ऑस्करचं नामांकन उगाच नाही. (संगीताचं ऑस्कर हर्बी हँकॉकने नेलंच.) वादन शूटिंगच्या वेळीच, सेटवर रेकॉर्ड केलंय, त्यामुळे दोन सुरांमधला त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. हॉलचे कर्कश भोंगे असतील तर हे सगळं पाण्यात. चित्रपटातला नायकाचा चाहता फ्रान्सिस, त्याच्याकडे जॅझ क्लबात जायला पैसे नाहीत, तो पावसात जाळीशी बसून आतला सॅक्सोफोन ऐकतो, तो प्रसंग लावून आदल्या दिवशी आवाज तपासा. तिथे नुसती खरखर आली तर स्पीकर भाड्याने आणा, चहा-वडे कमी करा. आणि इंग्रजी संवादांनाही सबटायटल्स लावा, डेक्स्टर निम्मं पुटपुटतो.

'जॅझ आपलं नाही' म्हणणारे काका प्रत्येक क्लबात असतात. त्यांना भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) आठवून द्या. सी. रामचंद्रांच्या त्या संगीताच्या वेळी गोव्याचा जॅझ ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट सोबत होता. काका गप्प बसतीलच अशी हमी नाही.

प्लेअर मिळाला की मॉडेल नंबर इथे टाका, चालेल का ते सांगतो.