मुलीला सायकलवर शाळेत पाठवू का? : नाशिकच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शाळा तीन किलोमीटरवर. मैत्रिणी सायकलने जातात, हिलाही जायचंय. पण मध्ये इंदिरानगरचा बोगदा लागतो. पाठवू का?

पाठवा. पण आधी तिच्याबरोबर रस्ता ठरवा. कॉलन्यांमधून अर्धा किलोमीटर जास्त पडलं तरी चालेल. एकदा रविवारी सकाळी आणि मग शाळेच्या वेळेला काही दिवस तिच्या मागून सायकलवर जा. ती कुठे गोंधळते ते मागूनच कळतं. बोगद्यात गाड्या अडकलेल्या असतील तर उतरायचं आणि सायकल हातात धरून पलीकडे जायचं. त्यात कमीपणा नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.

काही गोष्टी मात्र घोटून घ्या. वळण्याआधी मागे बघून हात दाखवायचा. त्यासाठी एका हाताने सायकल सरळ चालवता यायला हवी, तो सराव मैदानावर करा. उभ्या कारपासून मीटरभर लांब राहायचं, दार कधी उघडेल याचा नेम नसतो. आणि थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे घुसायचं नाही, कधीच नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावीकडे अगदी खेटून उभी असलेली सायकल त्याला दिसतच नाही. तो डावीकडे वळला की मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून येतं, आणि सायकलस्वार नेमका तिथेच सापडतो.

हेल्मेट जरूर घालू दे. पण हेल्मेट गाडीला अंगावर येण्यापासून रोखत नाही, तिथे गाडीचा वेगच कमी असावा लागतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने सांगितलं, की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नको. शाळेतल्या चार पालकांना बरोबर घ्या आणि शाळेसमोर उंचावलेलं, गाड्यांना हळू व्हायला लावणारं क्रॉसिंग मिळावं म्हणून महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना अर्ज द्या. एकट्या आईच्या अर्जापेक्षा शाळेच्या लेटरहेडवरच्या अर्जाला वजन असतं.

प्रश्न : त्र्यंबक नाक्यापासून अशोक स्तंभापर्यंत स्मार्ट रोडला सायकल ट्रॅक केला. त्यावर सायकली कुठे दिसतात? त्यापेक्षा पार्किंग दिलं असतं तर आम्हा दुकानदारांचं भलं झालं असतं.

तुमची तक्रार समजते, पण निष्कर्ष पटत नाही. हा रस्ता १.१ किलोमीटरचा. पंचवटीहून सातपूरला जाणाऱ्याचा बाकीचा सगळा प्रवास ट्रकांच्या आणि बसच्या गर्दीतून होणार असेल, तर मधल्या एवढ्याशा तुकड्यासाठी तो सायकल का काढेल? स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ पासून चार-पाच वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे सलग, गाड्यांपासून वेगळे मार्ग बांधले. त्यानंतर तिथल्या सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य नाही; पारा चाळिशी ओलांडतो.

नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांची गोष्टच वेगळी. नव्हती. १९७१ साली त्या छोट्या देशात चारशेहून अधिक मुलं रस्त्यावर मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या मागणीला बळ दिलं, आणि मग रस्ते बदलले. भारतात २०२२ मध्ये एक लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यांवर गेली. आपण अजून गप्प आहोत, याचं मला फार दुःख होतं.

दुकानाचं म्हणाल, तर एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात. दारात सायकलस्टँड करून बघा.

प्रश्न : सातपूरला कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी सुटल्यावर सायकलने सिडकोत येतो. मागून येणाऱ्या गाड्यांची भीती वाटते.

महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली, तेव्हा सगळ्या नाशिकबरोबर मीही आनंदलो. पण नाशिक सायकलींचं शहर आहे की नाही, हे हँडलला डबा अडकवून पाळीला जाणाऱ्या तुमच्यासारख्यांवरून ठरतं.

मागे लाल दिवा लावाच. चार्जिंगचा साधा दिवाही पुरतो. पॅडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर लावा: हलणारी चमक लांबून ओळखू येते. रस्त्याच्या अगदी कडेला खेटून चालवू नका. तिथे खडी, चेंबरच्या जाळ्या आणि खड्डे असतात. ते चुकवताना एकदम उजवीकडे यावं लागतं आणि घात होतो. कडेपासून हात-दीड हात आत, एका रेषेत चालवा. पावसाळ्यात ब्रेक उशिरा लागतात, तेव्हा आधीपासून दाबत या.

प्रश्न : सिंहस्थासाठी रस्ते होत आहेत. नागरिकांनी काय मागावं?

चौक मागा. दोन चौकांमधला ट्रॅक कितीही देखणा असला तरी धडक बहुतेकदा वळणावर होते. मोठ्या गोलाईच्या डाव्या वळणावर गाड्या वेग न सोडता वळतात. कोपरा आवळला की चालकाला वेग कमी करावाच लागतो. शिवाय गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, येणारे लाखो भाविक शेवटचा टप्पा पायीच चालणार आहेत, त्यामुळे रुंद, सलग फुटपाथ आणि द्वारकासारख्या चौकांत पायी ओलांडायला पुरेसा वेळ देणारा सिग्नल हवा. काँक्रीट ओतल्यावर कोपरे बदलत नाहीत. म्हणून आपल्या भागातल्या कामाचा नकाशा आत्ताच महापालिकेतून मागवा, आणि हरकत असेल तर लेखी द्या.