फॅट खाल्लं की हार्टचा त्रास होतोच का?

नाही, सगळं फॅट सारखं नसतं, आणि खरा प्रश्न किती खाता यापेक्षा कुठलं खाता हा आहे. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रान्स फॅट, कारण ते एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतं आणि वर एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी करतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. त्यामुळे पाकिटावर 'पार्शली हायड्रोजनेटेड' (म्हणजे ट्रान्स फॅट असलेलं तेल) असं दिसलं तर सरळ परत ठेवा, त्यात थोडं चालेल वगैरे काही नाही.

सॅच्युरेटेड फॅट म्हणजे बटर, चीज, मटणाची चरबी, पाम तेल, खोबरेल तेल. यानेही एलडीएल वाढतं. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे 2000 कॅलरीज खात असाल तर साधारण 22 ग्रॅम. पण इथेच बरेच लोक फसतात, बटर बंद करतात आणि त्याजागी मैदा, साखर, 'लो फॅट' बिस्किटं सुरू करतात, आणि मग हार्टला काहीच फायदा होत नाही. त्याऐवजी सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्हसारखी तेलं, अक्रोड, जवस, मासे हे आलं तर रिस्क खरंच कमी होते, असं अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. अर्थात कॅलरीज प्रत्येक फॅटमध्ये ग्रॅममागे 9च असतात, तेव्हा चांगलं तेल म्हणून ओतत सुटू नका.

आणि हो, घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर प्लीज लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्याच, एलडीएल वाढलेलं बाहेरून काही कळत नाही.