टर्बो पेट्रोल गाडीत आधी काय बदलावं, मफलर की डाउनपाइप? बॅकप्रेशर गेलं तर टॉर्क जातो हे खरं का?

तुम्ही विचारलंय ते असं: पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) कंपनीचाच. थोडा आवाज हवा, पिकअप वाढला तर सोन्याहून पिवळं, आणि मित्र म्हणतोय की मोठा पाइप टाकलास तर बॅकप्रेशर, म्हणजे धुराला मागून होणारा अडथळा, जाऊन टॉर्क मरेल. हा तुमचा मित्र माझ्या दाजींच्या तालमीतला दिसतोय. मफलर (शेपटाचा आवाज दाबणारा डबा) आणि डाउनपाइप (टर्बोच्या लगेच मागचा पाइप) यांचं नंतर बघू. आधी ते बॅकप्रेशरचं भूत उतरवतो, कारण आमच्या घरी ते दर दिवाळीला फराळाला येतं.

टर्बाइन, म्हणजे टर्बोचं धुरावर फिरणारं चाक, फिरतं ते दाबाच्या फरकावर. समजा टर्बाइनच्या आधी २ बार दाब आहे आणि मागे १.३. गुणोत्तर झालं दीडच्या जरा वर. मागचा पाइप मोकळा करून १.३ चे १.१ केले की तेच गुणोत्तर १.८ वर जातं. म्हणजे तेवढ्याच धुरात चाक लवकर वेग घेतं, वेस्टगेटला (जादा धूर टर्बाइनच्या बाजूने सोडणारी झडप) जास्त उघडं राहता येतं, सिलिंडरमध्ये जळका वायू कमी अडकतो आणि नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याचा, धोका उतरतो. पाणचक्कीच्या खालच्या अंगाला पाणी तुंबवलं तर चक्की जोरात फिरेल असं कोणी म्हणेल का? टर्बाइनच्या मागे जितकं मोकळं तितकं बरं. यात पण-बिण काही नाही.

मग ही समजूत आली कुठून? आमच्या दाजींचं शिक्षण आरएक्स १०० वर झालंय. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, १९९६ पर्यंत आपल्याकडे निघायची. त्या गाडीचा सायलेन्सर कापला की गाडी खरोखर मरायची. पण त्याचं कारण वेगळं. टू-स्ट्रोकला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो. पोर्ट उघडं असताना ताजं मिश्रणही बाहेर निसटतं, आणि एक्झॉस्टच्या फुगीर पोटातून उलटी आलेली दाबाची लाट ते परत आत ढकलते. लाट वेळेवर यावी लागते, नुसतं तुंबून उपयोग नाही. ही एवढी गोष्ट इचलकरंजीतल्या एका पिढीने ‘बॅकप्रेशर लागतंय’ या दोन शब्दांत गुंडाळून ठेवली आणि आता टर्बो गाड्यांना चिकटवली.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत डेअरीच्या पाइपलाइनी करतो. दूध, लोणी, सीआयपी (लाइन न उघडता आतून धुणं), सगळं स्टेनलेस, सगळं आर्गन वेल्डिंग. गाड्यांचा धंदा माझा नाही. पण पाइप मला कळतो, आणि म्हणूनच २०१५ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय जुनी घेतली तेव्हा खालचं काम बघून माझं डोकं फिरलं.

गाडी पुण्याची. आधीच्या मालकाने कुठल्याशा ट्यूनिंगवाल्याकडून डाउनपाइप बसवून घेतला होता आणि विकताना त्याचे वेगळे पैसे लावले, ‘स्टेज टू रेडी’ म्हणून, म्हणजे जादा ताकदीच्या मॅपला तयार. सकाळी थंड इंजिन चालू केलं की समोरच्या काचेच्या खालून फुस्-फुस् आवाज. इंजिन तापलं की बंद. सिग्नलला थांबलं की एसीतून धुराचा वास. आणि एवढं असून डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा मात्र गप्प. दाजी पहिल्या फेरीला शेजारी बसले आणि खूश झाले. “पाव्हणं, आवाज बघा की! काय वडतीय गाडी!” वासाचं सांगितलं तर म्हणाले, पाइप जाड पडलाय, बॅकप्रेशर नाही, शेपटाला एक रिंग वेल्ड करून तोंड बारीक करा, सगळं जाग्यावर येतं. तिथून आमचं जे जुंपलं ते आजही चालू आहे.

शेडमध्ये गाडी वर घेतली, सांधा आवळणारा व्ही-बँड क्लॅम्प सोडला, पाइप खाली काढला. बॅटरी आत मारून बघितलं तर सांध्याच्या आतल्या अंगाला काळं, खडबडीत, करपलेल्या साखरेसारखं कवच. वेल्डिंग करताना आतून आर्गन सोडला नाही की ३०४ ची (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस) आतली बाजू अशी जळते. आम्ही त्याला शुगरिंग म्हणतो. डेअरीत असा एक सांधा निघाला तर इन्स्पेक्टर अख्खी लाइन कापायला लावतो. इथे तर वायू ९०० अंशांच्या आसपास तापणार, आणि चीर पडायला सुरुवात नेमकी त्या खडबडीत जागेवरून होते. पडली होतीच, नखात अडकेल एवढी. थंडीत उघडी, तापली की फुगून बंद, म्हणून तो सकाळचा फुसफुसाट.

पुढे अजून गंमत. बेलो, म्हणजे हलणं-फुगणं झेलणारा लवचीक तुकडा, नाहीच, सरळ कडक पाइप. ३०४ चा एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर साधारण साडेआठ मिलिमीटर लांबतो. त्यात आडवं बसवलेलं इंजिन प्रत्येक गिअरला पुढे-मागे डुलतं. हे सगळं जाणार कुठे? सांध्यातून बाहेर येणार, दुसरं काय. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आतून पोकळ केलेला, आणि पुढचा खालचा तुकडा ३०४ सुद्धा नव्हता. लोक चुंबक लावून बघतात, चिकटला नाही की ३०४. अहो, २०२ ला (स्वस्तातलं स्टेनलेस) पण चुंबक चिकटत नाही. भंगारवाल्याला जे कळतं ते गाडीवाल्यांना कळत नाही: स्टेनलेस तपासायच्या द्रवाचा थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवा, २०२ असेल तर लाल पडतं. आणि गंमत म्हणजे कंपनीचा पाइप बहुतेक ४०९ या स्टेनलेसचा असतो, त्याला चुंबक चिकटतो, त्याला गंज दिसतो, म्हणून त्याला हे लोक ‘लोखंड’ म्हणून हिणवतात. तेच लोखंड वर्षानुवर्षं टिकतं, कारण ते तापून कमी फुगतं आणि त्याला बेलो असतो.

दिवा गप्प का होता? मागचा लॅम्ब्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) स्पेसर घालून धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढून ठेवला होता. कॅट काम करतोय की नाही हे बघायला कंपनीने जो पहारेकरी ठेवलाय त्याच्याच डोळ्यांवर पट्टी. नाहीतर पी०४२०, म्हणजे कॅट काम करत नसल्याचा कोड, कधीच आला असता.

मी नवीन केला. पाइप ३०४, सेन्सर बसवायला वेल्ड केलेलं एम१८ आट्यांचं नट, २०० सेलचा मेटल कॅट, खाली बेलो, दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करून आत आर्गन. सांधे आतून चंदेरी. बाहेरून कुणाला दिसणार नाहीत, पण मला माहीत आहेत. फ्लँज मात्र वेल्डिंगनंतर प्लेटवर घासून सपाट करावा लागतो, हे कुणी करत नाही आणि मग गॅस्केटला शिव्या देतात.

आता ट्रायल. लॅपटॉपवर व्हीसीडीएस (गाडीचे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर) लावून आंबा घाटात गाडी चढवली, आधी जुन्या पाइपवर लॉग घेतला होता तोच चढ, तोच गिअर. दाजी शेजारी. वर पोचल्यावर म्हणाले, “गाडी मेली की ओ. आवाजच न्हाई.” लॉगमध्ये मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट या दोन रेघा जुन्या पाइपवर जिथे भेटायच्या त्याच्या बऱ्याच खाली, कमी आरपीएमला भेटत होत्या. मी स्क्रीन दाखवली. त्यावर उत्तर आलं, “कॉम्प्युटरला काय कळतंय गाडी वडतीय का न्हाई?” यावर काय बोलणार. कानाने पिकअप मोजणाऱ्या माणसाला आलेख दाखवून उपयोग नसतो. चीर पडलेला पाइप वेगवान, आणि गळती बंद केलेला मेलेला!

पण त्या लॉगमध्ये तुमच्या कामाची गोष्ट आहे, म्हणून एवढं सांगितलं. बूस्ट लवकर आला, तरी सगळ्यात वरचा आकडा तोच राहिला. कारण ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, अमुक इतका टॉर्क द्यायचा हे लिहून दिलेलं असतं. पाइप मोकळा केला तर तो वेस्टगेट थोडं जास्त उघडतो आणि पुन्हा त्याच आकड्यावर येऊन बसतो. या ऑक्टाव्हियाला कंपनीने २५० न्यूटन मीटर दिले, कारण सोबतच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाच २५० आहे. इंजिन जास्त देऊ शकतं, गिअरबॉक्सने घ्यायला हवं. म्हणून माझी गाडी आजही कंपनीच्याच मॅपवर आहे. पाइप मी गळती आणि वास घालवायला केला, शर्यतीला नाही.

तेव्हा तुमच्या पोलोचं. रिमॅप करणार नसाल, म्हणजे कंपनीचा मॅप बदलणार नसाल, तर डाउनपाइपला हात लावू नका. ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर कंपनीच्या पाइपमधून आरामात जातात. नुसता आवाज हवा असेल तर शेवटचा मफलर बदला, मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) राहू द्या. तो काढलात की दोन-अडीच हजार आरपीएमला केबिनमध्ये अशी घुमघुम सुरू होते की पुणे-कोल्हापूर प्रवासात बायको खंबाटकीलाच उतरून एसटी धरेल. मफलरने पिकअप वाढेल ही आशा सोडा. जो विकतो तो दहा एचपी सांगतो, आणि दहा एचपी कानात वाढतात. मॅनिफोल्डचा (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) विचारही करू नका, या इंजिनांत तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, वेगळा तुकडाच नाही. पुढेमागे रिमॅप केलात तर डाउनपाइप घ्या, पण कॅटसकट, आणि १.० ला अडीच इंचांच्या वर जायची गरज नाही. त्याहून जाड पाइपने टॉर्क जात नाही, आपल्या गावांतल्या स्पीडब्रेकरवर पाइप जातो.

ब्रँड कुठला, हे तुम्ही विचारलंय. मी ब्रँड सांगणार नाही. पाइप हातात घ्या, आत बॅटरी मारा, सांधा काळा असेल तर परत द्या. बेलो नसेल तर दुकानातून बाहेर या. जुनं क्लॅम्प आणि गॅस्केट परत वापरू देऊ नका. हे तीन बघितले तर नाव वाचायची गरज पडत नाही.

हो, एक राहिलंच, आणि ते वर लिहायला हवं होतं. यातलं बरंचसं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलात असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं कलम १९० वेगळं, तिथे पहिल्यांदाच १०,००० पर्यंत जातं आणि लायसन्स तीन महिने लटकतं. माझाही पाइप यात येतो, कंपनीचा भाग विकत घेऊन बसवणं हाच सरळ मार्ग होता, फक्त त्याची किंमत ऐकून मी खाली बसलो. पीयूसीवाला नळी न घालता सर्टिफिकेट देतो म्हणून कॅट काढणाऱ्यांशी मात्र मला बोलायचं नाही. मागच्या स्कूटरवर लहान पोर बसलेलं असतं, ते तुमचा कार्बन मोनॉक्साइड खातं.

मित्राला एवढंच विचारा की त्याने आयुष्यात पहिली गाडी कुठली ट्यून केली. आरएक्स किंवा शोगन म्हणाला तर वाद घालू नका, चहा पाजा. आणि तुमची गाडी चुकून डिझेल असेल, म्हणजे प्रश्नात टाइप करताना टीडीआय चं टीएसआय झालं असेल, तर वरचं कॅटचं आणि सेन्सरचं सोडून द्या. तिथे डीपीएफची (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) भानगड आहे आणि ती मी कधी उघडलेली नाही.