बोट ठेव, पेन्सिल टेकवू नकोस

प्रिय मुला,

तू पाठवलेली चारही चित्रं काल रात्री शेजारी शेजारी मांडून बघितली. एक तुझं, आणि तीन तुझ्याच चित्रावर तिघांनी गिरवून दिलेली. पहिल्याने तुझ्या किल्लेदारणीच्या चिलखताच्या खांद्यावरची शिंगं उडवली. दुसऱ्याने ती दुप्पट केली. तिसऱ्याने खांदे पुसून तिथे युरोपातल्या सरदाराचे पोलादी खांदे बसवले, तेही अगदी सफाईने. आणि खाली तुझी एक ओळ: "सर, यातलं कुठलं घेऊ?"

कुठलंच नको. तिघांनाही मनापासून धन्यवाद दे, ती चित्रं बंद कर आणि चार दिवस उघडू नकोस.

मला राग आला तो तुझा नाही. त्या तिघांचाही नाही, त्यांनी आपला वेळ दिलाय. राग आला तो या सवयीचा. माझा एकच नियम आहे आणि तो मी सोडणार नाही: बोट ठेव, पेन्सिल टेकवू नकोस. दुसऱ्याच्या चित्रात जिथे खटकलं तिथे बोट ठेवायचं, काय दिसलं ते सांगायचं, एक प्रश्न विचारायचा आणि हात मागे घ्यायचा.

हा नियम मला कुणी शिकवला नाही. एका मुलीचं नुकसान करून मी तो शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी मी सुट्टीत चित्रकलेचे वर्ग घ्यायचो. तिथे चौदा वर्षांच्या एका मुलीने धातूच्या पिसांचं चिलखत काढलं होतं. कोपर चुकलेलं, मनगट भलतीकडे वळलेलं. मी तिच्या शेजारी बसलो, टूबी पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत तिच्याच कागदावर सगळं 'सुधारून' दिलं. मुलं भोवती जमली, सगळ्यांनी वाहवा केली. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिने कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सर, तुम्हीच सुरुवात करून द्या."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. काय मूर्ख होतो मी! त्या सुट्टीत तिने एकही चित्र स्वतः सुरू केलं नाही, आणि पुढच्या वर्षी ती आलीच नाही.

माझ्या मनाला जास्त लागतं ते पुढचं. तिने ती पिसं वरून खाली, कौलांसारखी एकावर एक चढवलेली होती. खांदा हलला की पिसं एकमेकांवरून सरकतील अशी. मी ती पुसून एक सलग गोल पत्रा काढला, कारण मला तसा काढता येत होता. पुढे कितीतरी वर्षांनी इंग्लंडमधल्या लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयातल्या हत्तीच्या चिलखताबद्दल वाचलं. ते भारतातलं, 1801 मध्ये तिकडे गेलेलं. आज त्याचे 5,840 पत्रे शिल्लक आहेत आणि वजन आहे 118 किलो. एवढ्या मोठ्या जनावराला सलग पत्रा का नाही? कारण त्याला चालायचं असतं, वळायचं असतं. म्हणून छोटे छोटे पत्रे कड्यांनी जोडलेले. म्हणजे खांद्याचं उत्तर त्या मुलीच्या पिसांत होतं. मला फक्त चुकलेलं कोपर दिसलं, आणि ते दुरुस्त करताना मी तिचं बरोबर आलेलं उत्तर पुसून टाकलं. मी कोपरावर नुसतं बोट ठेवलं असतं तर पिसं वाचली असती.

आता तुझ्या चित्राकडे वळतो. तिघांची औषधं तीन आहेत, पण तिघांनी दाबलंय ते एकाच ठिकाणी. खांद्यावर. म्हणजे दुखणं तिथेच आहे. तुला हवं होतं ते एवढंच: तीन बोटं एका जागी. शिंगं काढायची, वाढवायची की खांदा बदलायचा, हे ठरवायचा हक्क त्यांचा नव्हता. बोट त्यांचं, पेन्सिल तुझी.

ठरवायचं कसं, तर घरातलं खोकं फाड. पुठ्ठ्याचे खांदे काप, सुतळीने बांध आणि दोन्ही हात वर कर. पुठ्ठा कानाला टोचला की कळेल तिघं कशावर अडखळले ते. मग मुंबईला गेलास की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात जा. अकबराचं 1581 सालचं चिलखत तिथे आहे. नक्षी बघून हरखून जाशील, जरूर जा. पण नंतर बंद, म्हणजे चिलखत अंगावर बांधायचे पट्टे, कड्या आणि कडा बघ. कुठे चारआईना दिसला, छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर बांधायचे ते चार पत्रे, तर कुशीच्या पत्र्यांची वरची कड बघ. काखेखाली ती खोलगट कापलेली असते. कुणीतरी तो पत्रा अंगावर चढवून हात वर करून बघितल्याशिवाय ती कड तशी कापली गेलेली नाही.

"सर, फँटसी आहे ना" हे मात्र मला पुन्हा ऐकवू नकोस. तुझ्या जगात तीन चंद्र उगवू देत, माझी हरकत नाही. पण कोपर वाकणारच. बंदाशिवायचं कवच एका कर्णालाच शोभतं, कारण ते त्याच्या जन्माबरोबर आलं होतं. तुझ्या किल्लेदारणीचं तसं असेल तर चित्रात ते दिसू दे. नसेल तर बंद काढ.

तितकाच कंटाळा मला 'असं चिलखत नसतंच' म्हणणाऱ्यांचाही येतो. पंधराव्या शतकातलं युरोपातलं अंगभर पोलाद साधारण वीस-पंचवीस किलोचं असे, पण ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असल्यामुळे माणूस त्यात धावायचा, घोड्यावर चढायचा. त्यातले कितीतरी खांदे सारखे नसत, कारण उजवीकडे भाला धरायला जागा सोडलेली असे. तुझ्या चित्रात एक खांदा लहान दिसला की कुणी 'चूक' म्हणून शेरा मारेल. 'का लहान आहे?' असं विचारलं तर कदाचित तुझ्याकडे उत्तर असेल. इटलीतल्या मिलानच्या फिलिप्पो नेग्रोली या चिलखत बनवणाऱ्याने सोळाव्या शतकात पोलादी शिरस्त्राणांवर माणसं, पानं, राक्षस उठवले. अशा उठावावर तलवार निसटण्याऐवजी अडकते, तरीही ती शिरस्त्राणं बनली, कारण ती मिरवायची होती. आणि आपल्याकडे 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी ज्या चिलखताने काम केलं, ते तर अंगरख्याखाली होतं. त्या प्रसंगाचं चित्र कुणी आणलं आणि तू 'चिलखत दिसत नाही, ठळक कर' म्हणालास, तर त्याची सगळी गोष्टच बुडेल. म्हणून म्हणतो, आधी विचार. हे लढायचं आहे की मिरवायचं, दाखवायचं आहे की लपवायचं? त्याशिवाय बोटसुद्धा उचलू नकोस.

हे तुलाच सांगतोय, कारण तुझी दुसरी गोष्टही मला कळली आहे. तुझ्या ओळखीच्या त्या लहान मुलाने पहिलं चिलखत काढून तुला दाखवलं आणि तू त्याला चौदा चुका लिहून दिल्यास. चौदा! त्यातल्या तेरा खऱ्या असतील. अकरा-बारा वर्षांच्या पोराने त्यांचं करायचं काय? एक जागा निवडायची होतीस. त्या चित्रात त्याने सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवलाय ते शोधायचं, तिथे काय दिसलं ते आधी सांगायचं, मग एकच बोट. तुला तिघांनी गोंधळात टाकलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, असं तूच लिहिलंयस. त्याचं काय झालं असेल? त्याच्याकडे जा आणि पुढचं चित्र बघायला माग. आज जा.

माझे सहकारी म्हणतात, हात चालवून दाखवल्याशिवाय पोरं शिकायची कशी? गाण्यातसुद्धा गुरू आधी गाऊन दाखवतोच की. खरं आहे. पण गुरू स्वतःच्या गळ्यातून गातो, शिष्याच्या गळ्यात शिरत नाही. दाखवायचंच असेल तर वेगळा कागद घे. मीही घेतो. कोपर कसं वाकतं ते दहा वेळा काढून दाखवीन, पण माझ्या कागदावर. काहींना हा माझा हट्ट वाटतो, काही म्हणतात याच्यामुळे मुलांचा वेळ जातो. जाऊ दे वेळ. समोर आलेला तो कोरा कागद त्यांनी पाहिलेला नाही, मी पाहिलाय.

तुझं चित्र छापून समोर ठेवलंय आणि पेन्सिल मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवून आलोय. खांद्याचं तू बघशीलच. माझं बोट पाठीवर आहे. तू तिला एकटी, उजाड बुरुजावर उभी केली आहेस आणि तिच्या चिलखताचे सगळे बंद मागे, दोन खांद्यांच्या मधोमध आहेत. तिथे तिचा स्वतःचा हात पोचत नाही. मग सकाळी ते बांधतं कोण?

तुझा,
सर