नाशिकजवळच्या उजाड टेकड्या परत हिरव्या करून एकमेकींना जोडता येतील का?

येतील की, पण नुसता पाच जूनला, पर्यावरण दिनी, खड्डा खणून फोटो काढून नाही. सातपूरला फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकांनी देवराई उभी केलीय ती एकदा बघून या, सगळी देशी झाडं. ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड पटकन वाढतं म्हणून आधी सगळीकडे तेच लावायचे, पण त्यात पक्ष्यांना खायला काय आहे? उंबर, पळस, करंज लावा, उतारावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले) खणा म्हणजे पावसाचं पाणी माती घेऊन पळत नाही, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे टँकरने पाणी घालायची तयारी ठेवा, दिवाळीनंतर वाळलेलं गवत कापून जाळपट्टा (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा पट्टा) काढा नाहीतर एका वणव्यात सगळं साफ, गुरं चरून जातात ते वेगळंच.

जोडायचं म्हणाल तर नदीनाले आहेतच. नासर्डी (नंदिनी म्हणा हवं तर) सातपूरकडून येऊन टाकळीला गोदावरीला मिळते, वाघाडी पंचवटीत मिळते. यांच्या काठाला सिमेंटच्या भिंती घालण्यापेक्षा करंज, वाळुंज, गवत राहू दिलं तर पक्षी, फुलपाखरं टेकडीवरून थेट गोदाकाठी येतील. फक्त आधी नाल्यातलं सांडपाणी थांबवा हो.