नदी दगड झिजवते, मग धबधबा सपाट का नाही होत?

नववीतल्या भाचीने तुम्हाला विचारलं ना, की नदी रोज दगड झिजवते तर धबधब्याची पायरी घासून उतार का नाही होऊन जात. फार मस्त प्रश्न आहे भाऊ, पोरीला आधी शाबासकी द्या.

उत्तर मला आमच्या काटोलकडच्या विहिरीत सापडलं. खणताना वर मुरूम लागला, मग काळा पाषाण, सुरुंगाशिवाय हलेना, अन् त्याच्याखाली हातभर लाल थर, नखाने उकरला तरी भुगा पडे. चार-पाच पावसाळ्यांत तो लाल थर आत आत खचला अन् वरचा पाषाण छज्जासारखा बाहेर निघाला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा थरावर थर पसरला, मधल्या काळात ऊनपावसाने थराचा वरचा भाग कुजला तो हा लाल, म्हणून कडक-नरम-कडक असं रचलेलं आहे सगळं.

आता हेच नदीत बघा. वरच्या कडक थरावर पाण्याचं फार काही चालत नाही, खरं काम खाली सुरू असतं. पडणारं पाणी डोह खोदतं, पुरात आलेले गोटे त्यात जात्यासारखे फिरतात, उसळलेलं पाणी मागचा नरम थर खाऊन राहिलेलं असतं, मग छज्जा अधांतरी होतो अन् एक दिवस धाडकन खाली येतो. पण तुटल्यावर मागचा कडा पुन्हा उभाच! म्हणजे पायरी पुसली जात नाही, ती मागे सरकते आणि पुढे घळई सोडत जाते. नायगारा असाच साधारण १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे गेलाय, तिथे वर चुनखडीच्या जातीचा कडक दगड अन् खाली शेल, म्हणजे चिखल दाबून झालेला ठिसूळ दगड.

दगड वरपासून खालपर्यंत एकसारखा असला तर मात्र भाचीचंच खरं, पायरी हळूहळू घासून नुसता खळखळाट उरतो. (सगळेच धबधबे असे नाहीत बरं, भेडाघाटचा धुवांधार संगमरवरातला, त्याची गोष्ट वेगळी.)

पावसाळा सरला की तिला उमरखेडकडे पैनगंगेवर सहस्रकुंडच्या धबधब्याला न्या. काळ्या दगडातले रांजणखळगे दाखवा, हात घातला तर तळाशी गुळगुळीत गोटे लागतात, तेच ते जात्याचे दगड. फक्त काठावर उभी नका करू, छज्जा खालून किती पोकळ झालाय ते वरून दिसत नाही.