फुगलेले जिप्सम बोर्ड आणि अडवलेलं बिल: बोर्ड उतरवण्याआधी काय करावं?

प्रश्न: आम्ही घरातल्या दोन खोल्यांच्या भिंतींना आतून जिप्सम बोर्ड लावून घेतले. लेखी करार केला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आलं होतं आणि त्यात बाथरूमलगतच्या भिंतीला ओलावारोधक बोर्ड लावणार असं लिहिलं होतं. ८० टक्के पैसे यूपीआयने दिले. चार महिन्यांत दोन्ही खोल्यांत जोडांवर सरळ उभे तडे गेले, स्क्रूची डोकी रंगातून वर आली. बाथरूमलगतचा बोर्ड खालून फुगला असून त्यावर काळी बुरशी धरली आहे. ठेकेदार म्हणतो, "भिंतीला आधीच ओल होती, बोर्ड कंपनीचा, माझा काय दोष? उरलेले पैसे द्या, नाहीतर बोर्ड काढून नेतो." दुसरा कारागीर पुढच्या आठवड्यात सगळं उतरवून नव्याने करायला तयार आहे. आम्ही पैसे रोखू शकतो का? पोलिसांत जावं का? करार नसल्यामुळे आमची बाजू लंगडी पडेल का?

उत्तर: तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्याआधी एक काम करा. दुसऱ्या कारागिराला आजच फोन करून थांबवा. घरात बुरशी असताना एकेक दिवस काढणं किती त्रासाचं आहे याची मला कल्पना आहे, तरीही हे सांगतो. तुमच्या तक्रारीचा बहुतेक पुरावा त्या बोर्डांच्या मागे आहे. बोर्ड उतरवून भंगारात गेले की ठेकेदार म्हणेल, "माझं काम चोख होतं, यांनीच काढलं." मग त्याला खोटं ठरवायला तुमच्या हातात फक्त रंगावरच्या तड्यांचे फोटो उरतील. तडा दिसतो, पण तो का गेला हे फोटोत दिसत नाही.

कारण दाखवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. जोडावर कागदी टेप बसवून जोड भरायच्या लेपाचे (कंपाऊंडचे) थर एकेक सुकवून दिले होते, की नुसती पुट्टी भरून वर रंग मारला? बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसवतात त्या उभ्या पट्ट्यांमधलं (चॅनेलमधलं) अंतर किती आहे? साधारण ६०० मिमी ठेवण्याची रीत आहे. ते वाढलं की बोर्ड हलतो आणि जोड उघडतो. भिंतीवर दोन स्क्रूंमध्ये साधारण ३०० मिमीपेक्षा जास्त अंतर असू नये. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत बसावं, कागद फाटू नये. बोर्डाची खालची कड फरशीला टेकलेली नसावी, जेमतेम १० मिमी वर असावी, नाहीतर फरशी पुसतानाचं पाणीही बोर्ड शोषून घेतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोर्डाच्या मागच्या बाजूचा छापा. त्यावर उत्पादकाचं नाव, बोर्डाचा प्रकार आणि मानकाचा क्रमांक असतो (जिप्सम बोर्डासाठी भारतीय मानक आयएस २०९५ आहे). ओलावारोधक बोर्डाचा कागद बहुतेक उत्पादक हिरवट ठेवतात. तुमच्या भिंतीतून साधा बोर्ड निघाला, तर कोटेशनमधल्या त्या एका ओळीमुळे प्रकरणाचा रंगच पालटेल.

म्हणून काम उघडायचं, पण रीतसर. ठेकेदाराला स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही लेखी नोटीस पाठवा. दोष कोणते आणि कधी दिसले ते लिहा, आणि दहा-बारा दिवसांनंतरची एक तारीख व वेळ देऊन कळवा की त्या दिवशी स्थापत्य अभियंत्याच्या उपस्थितीत काही बोर्ड उघडून पाहणी होईल, तुम्ही हजर राहा. तो आला तर उत्तम. नाही आला तर "मला बोलावलंच नाही" हा बचाव त्याच्याकडे राहणार नाही. ही नोटीस वकिलाकडूनच गेली पाहिजे असं नाही.

पाहणीच्या दिवशी मोजपट्टी लावून फोटो काढा, सलग व्हिडिओ घ्या, ओलीची मोजणी करून घ्या. अभियंत्याकडून सही-शिक्क्याचा अहवाल घ्या आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज त्यात वेगळा मांडायला सांगा. दोन-तीन ठिकाणीच उघडा. जोडासकट कापलेला एक तुकडा आणि छाप्याचा भाग जपून ठेवा, बाकीचे बोर्ड तसेच राहू द्या. मालात दोष आहे असा वाद निघाला तर ग्राहक आयोग स्वतः नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि त्यासाठी जागेवर काहीतरी शिल्लक असायला हवं. बुरशी धरलेला भाग मात्र नोंद झाली की लगेच काढून टाका. घरातल्यांची तब्येत पणाला लावा असं कोणताही कायदा सांगत नाही. शिवाय नुकसान वाढू न देणं हे तुमच्याकडूनही अपेक्षित आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई ठरवताना ते पाहिलं जातं.

आता कराराबद्दल. तोंडी करारही करारच असतो. कोटेशन, त्यावर तुम्ही दिलेला होकार, यूपीआयच्या नोंदी आणि काम चालू असतानाचे संदेश एकत्र ठेवले की करार पुरेसा सिद्ध होतो. ज्या फोनवर हे संदेश आहेत तो विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (ती नोंद कोणत्या उपकरणातून कशी घेतली हे सांगणारं) सोबत जोडावं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला लागू होतो. मोबदल्याचा काही भाग दिला आणि काही देण्याचं कबूल केलं, तरी तुम्ही ग्राहकच ठरता, त्यामुळे थकलेल्या २० टक्क्यांमुळे तुमचा हक्क जात नाही. "मी तर नुसता मजुरीवर काम करणारा" हा युक्तिवादही ठेकेदाराला फारसा तारणार नाही. नोकरासारखी वैयक्तिक सेवा (जी या कायद्याबाहेर आहे) आणि स्वतःच्या कौशल्याने काम घेऊन पूर्ण करून देणं यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली डॉक्टरांच्या सेवेबाबतच्या व्ही. पी. शांता प्रकरणात स्पष्ट केला आहे.

ओलीचा मुद्दा हा ठेकेदाराचा सगळ्यात भक्कम बचाव आहे, म्हणून त्यावर जास्त विचार करा. ओलावारोधक बोर्ड हवेतला दमटपणा सोसतो, पण मागून झिरपणारं पाणी तोही फार काळ सोसत नाही. त्यामुळे गळती बाथरूमच्या नळजोडणीतून असेल, तर त्या गळतीचा खर्च ठेकेदाराच्या माथी मारता येणार नाही. मात्र या धंद्यातल्या माणसाने भिंत झाकण्याआधी ती तपासणं अपेक्षित आहे. ओल दिसत असूनही त्याने सांगितलं नाही आणि वर बोर्ड ठोकले, तर ती सेवेतली त्रुटी आहे. संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(११) मधल्या त्रुटीच्या व्याख्येतच येतं. उलट त्याने "आधी वॉटरप्रूफिंग करा" म्हटलं असेल आणि तुम्ही घाईपोटी नको म्हणाला असाल, तर ते तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. उलटतपासणीत ते बाहेर येण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

याच कारणाने तक्रारीत दोन दोष वेगळे मांडा. तडे आणि वर आलेले स्क्रू दोन्ही खोल्यांत आहेत, म्हणजे जिथे ओलीचा प्रश्नच नाही तिथेही आहेत. तो कारागिरीचा दोष म्हणून उभा राहू शकतो. फुगलेल्या भिंतीची मागणी स्वतंत्र ठेवा. दोन्ही एकत्र केलेत तर ओलीच्या बचावाखाली तड्यांचा मुद्दाही वाहून जाईल.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला आत्ताच पक्षकार करू नका. अभियंत्याच्या अहवालात मालाचाच दोष निघाला तर करा. विनाकारण ओढलेली कंपनी तारखा लांबवते.

उरलेले पैसे रोखता येतील, पण सगळेच रोखता येतील असं नाही. दुरुस्तीचा अंदाज शिल्लक रकमेइतका किंवा जास्त असेल तर पूर्ण रक्कम रोखा आणि कारण लेखी कळवा. अंदाज कमी असेल तर अंदाजाइतकी रक्कम रोखा आणि त्यावरची रक्कम "हक्क राखून" असं लिहून देऊन टाका. न्यायालयात असा माणूस प्रामाणिक दिसतो आणि त्याचा उपयोग होतो. ठेकेदाराला बाकीसाठी दावा करायला काम झाल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे. त्याने दावा केला तर तुम्ही त्याच दाव्यात प्रतिदावा करू शकता.

बोर्ड काढून नेण्याची धमकी पोकळ आहे. ते आता तुमच्या घराचा भाग झाले आहेत. पैशांसाठी त्याला दिवाणी न्यायालयात जाता येईल. परवानगीशिवाय घरात घुसला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमणाचा गुन्हा ठरू शकतो. धमकीचा संदेश जपून ठेवा.

फसवणुकीची फिर्याद मात्र आत्ता देऊ नका. वाईट काम म्हणजे फसवणूक नव्हे. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. साधे बोर्ड लावून ओलावारोधक बोर्डाचे पैसे घेतल्याचं पाहणीत निघालं, तर न्याय संहितेच्या कलम ३१८ चा (फसवणूक) विचार करता येईल.

नोटिशीला पंधरा दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ठेकेदाराच्या गावी जायची गरज नाही. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. दुरुस्तीचा खर्च, अभियंत्याची फी आणि मनस्तापाची भरपाई, तिन्ही मागा. कायद्यात निकालासाठी ३ महिने आणि मालाची चाचणी लागली तर ५ महिने धरले आहेत, पण प्रत्यक्षात जास्त लागतात. तयारी त्या हिशेबाने ठेवा.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे. पहिला तडा दिसला ती तारीख आत्ताच फोटोवरून शोधून लिहून ठेवा. ठेकेदार "येतो, करून देतो" म्हणत राहिला तरी मुदत थांबत नाही.